शेवटचं कडवं गाळू नका

मिरगाच्या आधी माळवदावर पांढरी माती पसरायची, हे सोलापूरकडच्या आमच्या जुन्या घरी सणासारखं ठरलेलं काम. एखाद्या वर्षी ते राहून गेलं, की आजीची पातेली स्वयंपाकघरातून उठून माजघरात यायची. एक तुळईखाली, एक देव्हाऱ्यापाशी, आणि घमेलं ज्वारीच्या पोत्यांजवळ. रात्रभर टपटप चालायची आणि प्रत्येक भांड्याचा आवाज वेगळा यायचा. आजीचं माहेर विजापूरकडचं. कानडी आणि मराठी तिच्या एकाच वाक्यात गुण्यागोविंदाने नांदायच्या. पातेलं भरलं की ती उठायची, अंगणात ओतून यायची आणि परत येता येता काहीतरी पुटपुटायची. ते गाणं आहे, हे मला फार उशिरा कळलं.

कळलं ते पुण्यात, हॉस्टेलच्या खोलीत. धारवाडच्या एका मित्राने लॅपटॉपवर एक अल्बम लावला होता. गिटार, व्हायोलिन आणि छातीतून येणारा एक मोठा, मोकळा आवाज. ‘सोरुतिहुदु मनेय माळिगि’ ही ओळ कानावर पडली आणि माझ्या हातातलं पुस्तक तसंच राहिलं. घराचं माळवद गळतंय. आजीचे शब्द, पण चाल कुणा दुसऱ्याचीच. मित्र म्हणाला, ‘अरे, हे आमच्या शरीफांचं. रघू दीक्षितने गायलंय.’

‘द रघू दीक्षित प्रोजेक्ट’ या बंगळुरूच्या बँडचा ‘अंतराग्नी’ हा तो पहिला अल्बम. २००८ साली विशाल-शेखर या संगीतकार जोडीने आपल्या ‘काउंटर कल्चर रेकॉर्ड्स’ या लेबलतर्फे तो काढला. मागे सिनेमा नाही, नायक-नायिका नाहीत. फक्त आठ गाणी. बहुतेक हिंदी, एक इंग्रजी आणि दोन कन्नड. पुढे २०१० मध्ये बीबीसीवरच्या जूल्स हॉलंड यांच्या कार्यक्रमात हा बँड गायला, २०११ मध्ये इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरीच्या संगीत महोत्सवात गायला. रंगीत लुंगी, पायांत घुंगरू, हातात गिटार. समोरचे हजारो गोरे लोक एक शब्द कळत नसताना कन्नड ओळी मागोमाग म्हणत होते.

रघू दीक्षित यांचा जन्म नाशिकचा, वाढले म्हैसुरात. भरतनाट्यम शिकलेले, मायक्रोबायोलॉजीचे सुवर्णपदक विजेते. गिटार त्यांनी कॉलेजच्या वयात हाती घेतली. अल्बम हातात पडायच्या आधी त्यांची जवळजवळ दहा वर्षं कार्यक्रम करण्यात आणि नकार पचवण्यात गेली होती. पहिल्या अल्बमचं बळ बहुतेकदा इथेच असतं. दुसरा अल्बम दोन-तीन वर्षांत उरकावा लागतो. पहिल्यात मात्र माणसाचं तोवरचं सगळं आयुष्य उतरतं. ‘अंतराग्नी’तली गाणी स्टुडिओत सुचलेली वाटत नाहीत. शेकडो वेळा लोकांसमोर गाऊन, कुठे थांबलं की माणसं पुढे सरकतात हे कळल्यावर रेकॉर्ड केल्यासारखी ती वाटतात.

सगळीच गाणी एका उंचीची नाहीत, हेही सांगायला हवं. इंग्रजी गाणं मला आजही पाहुण्यासारखं वाटतं, घरातल्या इतरांशी त्याची ओळख होत नाही. ‘मैसूर से आई’ गोड आहे, पण ते गोडव्यापाशीच थांबतं. ‘हे भगवान’मधली पुन्हा एकदा जगू दे ही विनवणी मात्र त्या आवाजात खरी वाटते. पण ज्यांच्यासाठी हा अल्बम जपून ठेवावा ती गाणी दोन, आणि दोन्ही संत शिशुनाळ शरीफांची.

शरीफ १८१९ साली शिशुनाळ गावात जन्मले आणि १८८९ मध्ये वारले. ते गाव आज कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यात आहे. तेव्हा तो सगळा धारवाडचा मुलूख मुंबई इलाख्यात होता, म्हणजे शरीफ आणि आपले पणजोबा-खापरपणजोबा एकाच सरकारचे रयत. काही काळ त्यांनी शाळामास्तरकी केली. मुसलमान घरातल्या या माणसाचे गुरू गोविंदभट्ट हे ब्राह्मण. गुरूने शिष्याच्या गळ्यात स्वतःचं जानवं घातलं, अशी आख्यायिका त्या भागात आजही सांगतात. शरीफ ज्या प्रकारची गाणी रचत त्याला कन्नडमध्ये तत्त्वपद म्हणतात. रोजच्या वापरातली एखादी वस्तू घ्यायची आणि तिच्यातून देह, मन, मोह यांच्याविषयी बोलायचं.

‘गुडुगुडिय सेदि नोडो’ हे त्यातलं दुसरं गाणं. गुडगुडी ओढून बघ! मराठी माणसाला पहिला शब्द समजावून सांगावा लागत नाही. पुढे मनाची ‘संची’ सोडायची आहे, म्हणजे आपली पानतंबाखूची चंची. मोहाचा गांजा बारीक चिरायचा आहे, चिलीम पेटवायची आहे आणि बुद्धीचा विस्तव त्यावर हलकेच झाकायचा आहे. चंची, गांजा, चिलीम, बुद्धी. कन्नडचा गंध नसलेल्या सोलापूर-कोल्हापूरच्या माणसालाही ही ओळ अर्धीअधिक कळते. व्यसनाची सगळी सामग्री मांडून हा कवी व्यसन सोडायला सांगतोय. दीक्षितांनी ते पळत्या लयीत बांधलं. व्हायोलिन मागे लागल्यासारखं धावतं, आणि ऐकणारा पायाने ठेका धरूनच अर्थाच्या दारापर्यंत पोचतो.

आपल्याकडे हे काम एकनाथांनी सोळाव्या शतकात केलं. ‘विंचू चावला’ हे भारूड शाहीर साबळे यांच्या आवाजात ऐकताना आपण आधी हसतो, मग तो विंचू म्हणजे काम-क्रोध आहे हे ध्यानात येतं. भारूड आणि तत्त्वपद ही सख्खी भावंडं आहेत. म्हणून ‘अंतराग्नी’ हा मला परक्या भाषेतला अल्बम कधी वाटला नाही. तो ऐकताना एकच प्रश्न पडत राहिला, आणि तो आपल्या घरचा आहे. संतांची आणि लोकांची गाणी रॉक बँडने गावीत का? गायची तर कोणत्या अटीवर?

आपल्याकडे या प्रश्नाची दोन उत्तरं तयार असतात. एक म्हणतं, अभंगाला ड्रम लावणं म्हणजे विटंबना. दुसरं म्हणतं, कला मोकळी आहे, ज्याला जे करायचं ते करू द्या. दोन्ही उत्तरं मला चुकीची वाटतात.

पहिल्याचं चुकतं ते इतिहासात. आज आपण ज्याला ‘शुद्ध’ म्हणतो त्यातलं बरंचसं कालपरवाच नवं होतं. श्रीनिवास खळे यांनी तुकोबांचे अभंग लता मंगेशकरांकडून गाऊन घेतले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाद्यवृंदासह. त्या चाली देहूच्या फडावर जन्मल्या नव्हत्या. भीमसेन जोशींनी ख्याल गायकीची ताकद अभंगात ओतली तेव्हा तेही नवीनच होतं, आणि भीमसेन तर गदगकडचे, घरची भाषा कन्नड. ज्ञानदेवांनी विठ्ठलाला ‘कानडा हो विठ्ठलु कर्नाटकु’ म्हटलं, आणि सातशे वर्षांनी एका कानडी गळ्यानेच तो विठ्ठल आपल्या घराघरांत पोचवला. तिकडे कर्नाटकातही हेच घडलं. शरीफांची गाणी दीक्षितांच्या आधी गायक-संगीतकार सी. अश्वथ यांनी भावगीताच्या अंगाने घरोघरी नेली होती, आणि १९९० मध्ये टी. एस. नागाभरण यांनी शरीफांवर चित्रपट केला होता. त्यामुळे दीक्षितांनी मूळ चाल मोडली म्हणणाऱ्यांना विचारायला हवं, मूळ म्हणजे कोणती? शरीफ एकतारीवर काय गात होते ते कुणीही ऐकलेलं नाही. चाल हे गाण्याचं वस्त्र आहे. ते फाटतं, बदलतं, पोराबाळांच्या अंगाला येईल तसं पुन्हा शिवलं जातं.

दुसऱ्या उत्तराचं चुकतं ते जास्त खोलवर, आणि त्याकडे आपण जास्त दुर्लक्ष करतो. चाल बदलता येते म्हणून सगळंच बदलता येतं असं नाही. संतकाव्यात एक गोष्ट अशी आहे जिला हात लावायचा नसतो, आणि ती नेमकी सगळ्यांत शेवटी येते. ती म्हणजे नाममुद्रा. ‘तुका म्हणे’, ‘नामयाची जनी’, ‘एका जनार्दनी’. एकनाथ तर आपल्या नावाला गुरूचं नाव जोडूनच सही करतात. छापखाना नव्हता, हक्क नोंदवायचं कार्यालय नव्हतं, तेव्हा कवीने आपलं नाव गाण्याच्या पोटात शिवून ठेवलं. म्हणजे ते मुखोद्गत होऊन गावोगाव गेलं तरी नाव सोबत जाईल. शरीफांची मुद्रा ‘शिशुनाळाधीश’, शिशुनाळचा देव. त्यांनी आपल्या गावाच्या देवालाच साक्षीला ठेवलं.

आणि नव्या रेकॉर्डिंगमध्ये, चार मिनिटांत गाणं बसवायचं म्हणून, पहिल्यांदा कात्री लागते ती शेवटच्या कडव्याला. ध्रुवपद चार वेळा येतं, मध्ये गिटारचा तुकडा येतो, आणि कवीची सही उडते.

हे फक्त सहीपुरतं नाही. ‘सोरुतिहुदु’चंच पाहा. सुरुवातीच्या कडव्यांत घराची दैना आहे. तुळई मोडकी, वासे किडलेले, सांधे सैल झालेले, काळोख इतका की वर चढून डागडुजी करावी तर तेही जमत नाही. आणि शेवटच्या कडव्यात कवी बायकोला म्हणतो, अगं ऐक, करुणेने पूर्वा नक्षत्राचा पाऊस आला बघ, आणि शिशुनाळाधीश स्वतः उभा राहून सांभाळेल असा माझा भरवसा आहे. ज्या पावसाने घर गळतंय त्याच पावसाला तो कृपा म्हणतो! हे कडवं काढलं की उरतं फक्त गळक्या घराचं रडगाणं. सगळं गाणं या एका वळणासाठी रचलेलं आहे. ते वळण आणि कवीचं नाव एकाच श्वासात येतात.

मराठीत तर हा प्रश्न जातीलाही जाऊन भिडतो. ‘अवघा रंग एक झाला’ ही ओळ न ऐकलेला मराठी माणूस विरळा. पण ते शब्द सोयराबाईचे आहेत हे किती जणांना ठाऊक असतं? शेवटी ती आपली ओळख ‘म्हणे चोखियाची महारी’ अशी सांगते. ज्या बाईला देवळाच्या आत पाऊल टाकता आलं नाही, तिने आपलं नाव, आपली जात आणि आपलं नातं गाण्याच्या उंबऱ्यावर लिहून ठेवलंय. चोखोबांच्या ‘ऊस डोंगा परी’ या अभंगातून ‘चोखा डोंगा परी’ ही ओळ गाळली तर उसाच्या रसाची गोडी उरते, पण तो रस कुणाचा, आणि ‘डोंगा’ म्हणजे वाकडा असा शिक्का नेमका कुणावर मारला होता, ते पुसलं जातं. गाणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, हे मी मान्य करतो. पण ज्यांची नावं दारातून आत येऊ दिली नव्हती, ती आता स्टुडिओतून बाहेर जाऊ देणं आपल्याला परवडणारं नाही.

दीक्षितांनी इथे जे केलं ते मला महत्त्वाचं वाटतं. त्या दोन गाण्यांचे कवी म्हणून शरीफांचंच नाव आहे आणि मुलाखतींतून, मंचावरून ते शरीफांविषयी सांगत आले आहेत. बंगळुरूच्या आयटी कंपन्यांत काम करणाऱ्या, घरीसुद्धा इंग्रजी बोलणाऱ्या कितीतरी मुलांना शिशुनाळ हे गाव या अल्बममुळे कळलं. लोकगीतावर रॉक वाजवणाऱ्या बँडने परंपरेची परतफेड करायची ती अशी.

याच्या उलट उदाहरण पाश्चात्त्य संगीतातलं आहे. मार्टिन कार्थी हे इंग्लंडमधले लोकसंगीताचे गायक. ‘स्कारबरो फेअर’ या जुन्या लोकगीताची त्यांची मांडणी पॉल सायमन यांनी त्यांच्याकडून ऐकली, शिकली, आणि १९६६ मध्ये सायमन-गारफंकेल या जोडीने ते गाणं जगभर नेलं. श्रेयात ना परंपरा होती ना कार्थी. ती कटुता कितीतरी वर्षं टिकली. शेवटी २००० साली लंडनमध्ये दोघांनी एकत्र ते गाणं गायलं तेव्हा ती मिटली. एका ओळीचं श्रेय वेळेवर छापलं असतं तर तीस-पस्तीस वर्षांचा सल राहिला नसता.

आपल्याकडे हा सल फारसा कुणाला जाणवतही नाही, कारण एका शब्दाने सगळं झाकलं जातं. ‘पारंपरिक’. कॅसेटच्या कव्हरवर, यूट्यूबच्या खाली, पुरस्काराच्या यादीत, गीतकाराच्या जागी ‘पारंपरिक’. कायद्याने यात चूक नाही. कवी गेल्यावर साठ वर्षांनी हक्क संपतो, आणि ज्याचा कर्ताच माहीत नाही ते गाणं सगळ्यांचं. नव्या मांडणीचा हक्क मात्र मांडणी करणाऱ्याला मिळतो. म्हणजे जात्यावर बसून ओवी रचणाऱ्या बाईच्या वाट्याला काही नाही, आणि तिच्या ओवीला कीबोर्ड लावणाऱ्याला रॉयल्टी. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीला बळ दिलं, ते चांगलंच झालं. पण ‘पारंपरिक’ या शब्दामागे उभ्या असलेल्या माणसाला त्याचा काही उपयोग नाही.

इथे एक फरक करायला हवा. शरीफ जाऊन सव्वाशेहून अधिक वर्षं झाली. त्यांचं ऋण नावाने फिटतं. पण गोंधळ, वाघ्या-मुरळीची गाणी, पोतराजाची गाणी ही आज जिवंत माणसं गातात, आणि त्यावर त्यांचं पोट आहे. शहरातला बँड जेजुरीला जाऊन मोबाइलवर एखादी मुरळी रेकॉर्ड करून आणतो आणि त्यावर गिटार चढवतो, तेव्हा नुसतं ‘जेजुरीच्या लोककलावंतांचे आभार’ पुरत नाहीत. नाव हवं, पैसे हवेत, आणि जमलं तर मंचावर त्यांना शेजारी जागा हवी. ‘इंडियन ओशन’ या दिल्लीच्या बँडचे राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात वावरले, आणि ‘मा रेवा’ हे नर्मदेचं गाणं तिथल्या माणसांत राहून त्यांनी उचललं. नदीकाठच्या लोकांची लढाई आणि त्यांचं गाणं त्यांच्यासाठी वेगळं नव्हतं. अशा नात्यातून आलेलं गाणं ऐकताना कानालाच फरक कळतो.

मराठीत असा अल्बम का होत नाही? प्रतिभा कमी आहे म्हणून नव्हे. अजय-अतुल यांनी ‘जोगवा’ आणि ‘नटरंग’मध्ये आपल्या लोकसंगीताची काय ताकद आहे ते दाखवून दिलं. मुंबईचा ‘अभंग रीपोस्ट’ हा बँड गिटारच्या साथीने अभंग गातो, आणि तरुण पोरं त्यावर नाचता नाचता ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणतात. ते पाहून माझे डोळे भरून आले होते. अडचण अशी की आपल्याकडे लोकगीताला नवं अंग मिळायचं तर बहुधा सिनेमातूनच मिळतं. आणि सिनेमात गाणं प्रसंगाचं चाकर असतं. प्रसंग संपला की गाणं संपतं, कडवी कापली जातात. अल्बम ही एकच जागा अशी आहे जिथे गाणं स्वतःचं मालक असतं.

त्यासाठी आधी दहा वर्षं लोकांसमोर गायला मिळावं लागतं. बंगळुरूत छोटे क्लब होते, कॉलेजं होती. आपल्याकडे त्याहून मोठी गोष्ट आहे, गणेशोत्सव. एके काळी मेळे असायचे, आणि मेळ्यात नवी गाणी रचून गायली जायची. कितीतरी कलावंत तिथून वर आले. आज तेच मंडप आहेत, तीच वर्गणी आहे, आणि दहा दिवस भिंतीएवढे स्पीकर आहेत. प्रत्येक मोठ्या मंडळाने एकच संध्याकाळ एखाद्या नव्या बँडला दिली, आणि अट घातली की गाणं कोणतंही गा, पण कवीचं नाव सांगून गा आणि शेवटचं कडवं म्हणून गा, तर पाच वर्षांत इथेही ‘अंतराग्नी’ निघेल. पुणे, नाशिक, कोल्हापूर या तीन शहरांतल्या मंडळांनी मनावर घेतलं तरी पुरे. सरकारची वाट बघण्याचं कारण नाही.

बँडमधल्या मुलांनाही एक सांगणं आहे. गाणं हातात घ्याल तेव्हा आधी ते पूर्ण पाठ करा. गाथा उघडा, कीर्तनकाराला विचारा, गावातल्या भजनी मंडळात जाऊन बसा. अर्थ कळला की कुठे गिटार वाढवायची आणि कुठे गप्प बसायचं ते आपोआप कळतं. चार मिनिटांत बसत नसेल तर मधलं एखादं कडवं सोडा, वाद्यांचा तुकडा अर्धा करा. शेवटच्याला हात लावू नका.

त्या वर्षी दिवाळीला घरी गेलो तेव्हा आजी थकलेली होती, कानाने थोडी कमी ऐकत होती. मी मोबाइल तिच्या कानाशी धरला आणि ‘सोरुतिहुदु’ लावलं. पहिल्या ओळीला तिने माझ्याकडे पाहिलं. व्हायोलिन आलं तेव्हा भुवया जरा वर गेल्या. मग तिने हाताने मोबाइल बाजूला सारला आणि स्वतःच्या चालीत म्हणायला लागली. आवाज बारीक, पण ठेका पक्का. मोडकी तुळई आली, किडके वासे आले, काळोख आला. मधलं एक कडवं तिला आठवलं नाही, ते तिने सोडून दिलं. शेवटचं मात्र नीट म्हटलं, आणि शिशुनाळाधीशाचं नाव आलं तेव्हा दोन्ही हात जोडले. मग म्हणाली, ‘पोरगं चांगलं गातंय. लाव बघू पुन्यांदा.’